गोठ्यातलं दूध आटलं तेव्हा: ज्वारीच्या चिकट्याशी गाठ

मे महिन्यात मी रोज रात्री फोनवर एकच गोष्ट शोधत होते: गाईंचं दूध अचानक का कमी होतं. उत्तरं ठरलेली होती. कासदाह, उन्हाळा, खनिज मिश्रण, कृमी. यातलं प्रत्येक तपासून झालं आणि दूध कमीच होत राहिलं. खरं कारण कळायला आम्हाला आठवडा लागला आणि ते कागदावर सिद्ध व्हायला पुढचा महिना गेला. आमच्यासारखं कुणी रात्री जागं राहून शोधत असेल तर त्याला हे सापडावं, म्हणून सगळं तारखेनुसार लिहिते आहे.

गोठ्यात तेव्हा दहा दुभत्या गाई, तीन गाभण आणि चार कालवडी होत्या. दहा गाईंचं मिळून दिवसाला १२४ लिटरच्या आसपास दूध निघत होतं. मी दुधाची वही गाईवार ठेवते, सकाळ-संध्याकाळ वेगळं लिहून. याच वहीनं पुढे आम्हाला वाचवलं.

ज्वारी आम्ही एरवी अख्खी आणतो आणि भरडून घेतो. या वेळी जुना माल संपत आला होता आणि भरडून आणायला कुणाला वेळ नव्हता, म्हणून तयार भरडा घेतला. २६ एप्रिलला पन्नास किलोच्या वीस गोण्या आल्या. वास ठीक होता, कुठे जाळी नाही, बुरशीचा पांढुरका थर नाही, ओल नाही. २८ एप्रिलपासून आंबोणात तो भरडा सुरू झाला, गाईमागे दिवसाला साधारण तीन किलो.

२ मेला दूध ११७ लिटर. ऊन वाढलं होतं, त्यामुळे मनावर घेतलं नाही. ४ मेला १०२. त्या दिवशी पहिल्यांदा पोटात खड्डा पडला. दोन गाईंनी सकाळचं आंबोण अर्धं गव्हाणीत सोडलं होतं, आणि दुपारी पाहिलं तर चार गाई तोंड उघडून धापा टाकत होत्या, लाळ गळत होती. पाण्याच्या टाकीपाशी उभ्या राहून तिथून हलत नव्हत्या. ऊन त्याच्या आदल्या आठवड्यातही इतकंच होतं आणि तेव्हा याच गाई सावलीत बसून निवांत रवंथ करत होत्या.

५ मेला सकाळी डॉक्टर मॅडमना बोलावलं. त्यांनी प्रत्येक गाईचा ताप घेतला. गाईचा ताप साधारण १०१.५ फॅरनहाइटच्या आसपास असतो. आमच्या सात गाईंचा सकाळी आठ वाजताच १०४ च्या वर होता, एकीचा तर १०५.६. श्वास मिनिटाला ऐंशी ते नव्वद. आधी त्यांनी तोंड आणि खुरं पाहिली, लाळ्या खुरकुताचा एक फोड नाही. मग चारही सडांचं दूध कासदाहाच्या चाचणीसाठी ताटलीत घेतलं. एकाही गाईच्या दुधात गाठ नाही, घट्टपणा नाही, कास मऊ. गोचीडताप असू शकतो म्हणून तीन गाईंचं रक्त काचपट्टीवर घेतलं. तोपर्यंत ताप उतरवायचं इंजेक्शन आणि सगळ्यात आजारी तीन गाईंना प्रतिजैविक दिलं.

ताप उतरला नाही. संध्याकाळी अर्धा अंश कमी व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत तिथेच. ६ मेला दूध ८१ लिटर. त्यात ज्या तीन गाईंना प्रतिजैविक दिलं होतं त्यांचं दूध बाटलीवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत घालता येत नव्हतं, म्हणजे ते वेगळं काढून ओतून द्यायचं. ७ मेला रक्ताचा अहवाल आला, गोचीडतापाचा एकही जंतू नाही. सगळ्या चाचण्या निरोगी म्हणतात आणि गाई समोर धापा टाकतात, ही अवस्था फार वाईट असते. निदान झालं असतं तर भीती कमी वाटली असती.

८ मेच्या रात्री मैना व्यायली.

तिचं हे तिसरं वेत. आधीच्या दोन्ही वेळी व्यायच्या दहा-बारा दिवस आधीपासून कास अशी भरायची की तिला नीट चालता यायचं नाही. या वेळी कास भरलीच नव्हती. मी दोन दिवस पाहत होते आणि तारीख चुकली असेल अशी स्वतःची समजूत घालत होते. रात्री साडेअकराला कालवड झाली, चांगली, धडधाकट, अर्ध्या तासात उठून उभी राहिली. मैनेनं तिला चाटून कोरडं केलं. कालवड कासेकडे गेली, सड तोंडात घेतला, ढुशा दिल्या, दुसरा सड धरला. मी हातानं पिळून पाहिलं. चारही सडांतून मिळून पेलाभरही चीक आला नाही, आणि जो आला तो पाण्यासारखा. कालवड थकून खाली बसली, परत उठली, परत ढुशा द्यायला लागली. मैना मान वळवून तिच्याकडे बघत उभी होती. त्या रात्री मला रडू आवरलं नाही.

ओळखीच्या एका गोठ्यात जास्तीचा चीक फ्रीजरमध्ये ठेवतात, हे माहीत होतं. रात्री पाऊणला फोन केला आणि नवरा जाऊन तीन लिटर घेऊन आला. गोठवलेला चीक कधी उकळू नका आणि थेट आचेवर ठेवू नका, त्यातली रोगप्रतिकारक प्रथिनं नासतात. हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्याच्या बादलीत पिशवी बुडवून हळूहळू वितळवायचा. वासराला पहिला चीक जितक्या लवकर मिळेल तितका बरा, कारण त्या प्रथिनांना आतड्यातून रक्तात जाऊ देणारी वाट काही तासांतच बंद व्हायला लागते आणि दिवसभरात मिटते. अडीच वाजता कालवड पोटभर प्यायली. आता आम्हीही दोन बाटल्या चीक नेहमी गोठवून ठेवतो.

झोप येईना म्हणून वही उघडली. गाईवार आकडे एकाखाली एक लिहीत गेले. नऊ गाईंची रेघ सारखीच खाली घसरलेली. एकटी गौरी साडेबारा, साडेबारा, बारा, साडेबारा. तिला तापही नव्हता, धापही नव्हती, आणि ती बाकीच्यांच्या शेजारीच बांधलेली होती. तेच छप्पर, तेच पाणी, तोच कडबा, तीच हिरवी वैरण. फरक एकच. एप्रिलच्या मध्यात तिचं पोट बिघडलं होतं, तेव्हापासून तिला भरडा बंद होता. ज्या कालवडींना भरडा मिळत नव्हता त्याही ठणठणीत. बाकीच्या दोन गाभण गाईंना व्यायला अजून वेळ होता, त्यांनाही भरडा नव्हता. मैनेला मात्र व्यायच्या आधी ताकद यावी म्हणून मीच दहा दिवस रोज दोन किलो भरडा घालत होते.

९ मेला सकाळी मॅडमना वही दाखवली. त्यांनी ती उभ्या उभ्या दोनदा वाचली.

"ताई, ज्वारी भरडलेलीच आली होती का? अख्खे दाणे बघितले होते तुम्ही?"

"नाही मॅडम. गोण्या शिवूनच आल्या."

"मग आत्तापासून बंद करा. अहवाल येईल तेव्हा येईल."

त्यांना शंका आली ती अर्गट या बुरशीच्या रोगाची. बाजरीवर येतो त्याला आपण अरगट म्हणतो. ज्वारीवरच्या त्याच घराण्यातल्या रोगाला चिकटा म्हणतात, कारण फुलोऱ्यात कणसातून मधासारखा चिकट द्रव गळतो. बुरशीचं नाव क्लॅव्हिसेप्स. ज्वारी फुलात असताना हवा थंड, ढगाळ, दमट असेल आणि परागीभवन नीट झालं नसेल तर ही बुरशी फुलाच्या बीजांडकोशात शिरते आणि दाण्याच्या जागी स्वतःची कडक गाठ तयार करते. ती गाठ दाण्याबरोबरच कापली जाते, मळली जाते आणि गोणीत येते. ज्वारीत ती आकारानं दाण्याच्या जवळपास असल्यामुळे चाळणीनं सहज वेगळी होत नाही. भरडल्यावर तर दिसायचा प्रश्नच नाही.

इथे थोडं थांबून सांगते, कारण पुढच्या आठवड्यात मला किमान चार जणांनी ठामपणे सांगितलं की पाय सडले नाहीत म्हणजे अर्गट नव्हे. ही समजूत अर्धी खरी आहे. राय (गव्हासारखं एक युरोपीय धान्य), गहू, बार्ली यांवर येणारी क्लॅव्हिसेप्स पर्प्युरिया ही जात जनावरांच्या शरीराच्या टोकांचा रक्तपुरवठा तोडते. मागचे पाय आधी लंगडतात, खुराच्या वर सूज येते, मग सुजेखालची कातडी थंड आणि काळी पडते, कानाची आणि शेपटीची टोकं वाळून गळतात. थंडीत हे जास्त होतं आणि खाणं सुरू झाल्यावर दिसायला काही आठवडे लागू शकतात. मध्ययुगात युरोपमध्ये माणसांना रायच्या पावातून हाच रोग व्हायचा, त्याला सेंट अँथनीची आग म्हणत. ज्वारीवरच्या क्लॅव्हिसेप्स आफ्रिकाना या जातीत मुख्य विष वेगळं असतं, डायहायड्रोअर्गोसीन. त्यात सडलेले पाय बघायला मिळत नाहीत. दूध जातं, खाणं कमी होतं आणि उन्हात अंग तापतं. १९९६ साली ही बुरशी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये सापडली, आणि त्यानंतर तिथे ज्वारी खाणाऱ्या डुकरिणींना आणि गाईंना दूधच न येण्याचे प्रकार नोंदले गेले. तरीही मॅडमनी प्रत्येक गाईची खुरं, कान आणि शेपूट हातानं चाचपून पाहिली, गार लागते का ते बघायला. ते केलंच पाहिजे, कारण आंबोणात गव्हाची किंवा बार्लीची चाळण असेल तर दुसरी जातही असू शकते.

ताप का उतरत नव्हता, तेही त्या दिवशी कळलं. जंतूंमुळे येणाऱ्या तापात शरीर स्वतःच आपलं तापमान वर चढवतं, आणि तापाचं औषध ते खाली आणतं. इथे गाईचं शरीर गार व्हायलाच बघत होतं. या विषांनी कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळल्या की आतली उष्णता बाहेर पडायची वाट अरुंद होते. मग उरतो तो फक्त श्वास. म्हणून ती धाप.

आणि दूध? गाभणपणाच्या शेवटी दूध तयार व्हायला लागतं ते प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे. अर्गटमधली विषं मेंदूत डोपामाइनसारखी वागतात आणि प्रोलॅक्टिन दाबून टाकतात. ब्रोमोक्रिप्टीन नावाचं औषध अर्गटच्याच अल्कलॉइडपासून, म्हणजे त्यातल्या विषारी रसायनापासून, बनवलेलं आहे आणि ते याच कामासाठी, प्रोलॅक्टिन कमी करायला, देतात. ज्या गाई आधीपासून दुधावर होत्या त्यांचं घटलं. मैना नेमकी दूध उतरायच्या दिवसांत ते खात होती, म्हणून तिला आलंच नाही. मी तिला ताकदीसाठी घातलेल्या दोन किलोंनी हे केलं, हे पचवायला मला बरेच दिवस लागले.

उतारा कुठलाही नाही. भरडा थांबवणं हेच औषध. विष शोषून घेणारी भुकटी मिळते ती घालू का, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या की ती मुख्यतः अफ्लाटॉक्सिन या दुसऱ्या बुरशीच्या विषासाठी असते, या विषांवर तिचा भरवसा धरता येणार नाही. ९ मेच्या संध्याकाळपासून भरडा बंद केला. एकदम तीन किलो धान्य तोडलं तर तेवढ्यानंही दूध पडतं, म्हणून दुसरीकडून अख्खा मका आणून, दाणा डोळ्यांनी बघून, भरडून घेतला आणि पाच दिवसांत हळूहळू वाढवत नेला. गव्हाणी झाडून, खरवडून धुतल्या. कोपऱ्यांत साठलेलं जुनं आंबोण किती असतं ते तेव्हा दिसलं. गाईंवर दिवसातून चार वेळा पाणी मारून वर पंखा लावायचा, नुसतं पाणी मारलं तर दमटपणा वाढतो आणि धाप वाढते. सकाळची धार पाचच्या आधी, संध्याकाळची ऊन पूर्ण उतरल्यावर. दुपारी कुणालाही जागेवरून हलवायचं नाही.

१० मेला एक गोष्ट मनासारखी घडली. आमच्या ओळखीच्या एकानं त्याच विक्रेत्याकडून, त्याच गाडीतली ज्वारी कोंबड्यांसाठी अख्खी घेतली होती. त्याच्याकडून दोन किलो आणली. बाजरीचं बियाणं पेरण्याआधी अरगट काढायला मिठाच्या पाण्यात बुडवतात, तेच केलं: दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ पूर्ण विरघळवून त्यात ज्वारी ओतली आणि ढवळलं. चांगला दाणा खाली बसतो, बुरशीची गाठ हलकी म्हणून वर येते. वर आलेलं सगळं अर्गट नसतं, किडका दाणा, पोचट दाणा, भुसाही तरंगतो. म्हणून ते गाळून, धुऊन, कागदावर पसरून एकेक दाणा बघितला. मातकट, तांबूस-करड्या रंगाच्या, टोकाकडे निमुळत्या गाठी मूठभर निघाल्या. नखानं फुटत नव्हत्या. अडकित्त्यानं फोडल्या तर आत दाण्यासारखा अंकुर नाही, पिठूळ भाग नाही. मॅडमनी भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. त्याला लगेच फोन करून ती ज्वारी कोंबड्यांना घालू नकोस म्हणून सांगितलं.

आता कागदपत्रांचा भाग. मला वाटलं होतं कारण सापडलं म्हणजे संपलं. पण विक्रेत्याकडे जायचं तर प्रयोगशाळेचा अहवाल हवा होता.

नमुना कसा घ्यायचा हे नीट लिहिते, कारण इथेच पुढे वाद होतात. विष गोणीत सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, एका जागची मूठ घेतली तर काहीच सापडणार नाही असंही होऊ शकतं. आमच्याकडे तेरा न उघडलेल्या गोण्या आणि एक अर्धी होती. मॅडम आणि दोन शेजारी यांच्यासमोर प्रत्येक गोणीच्या वर, मध्ये आणि तळातून मूठमूठ घेतली, स्वच्छ चादरीवर एकत्र केली, ढिगाचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन काढून टाकले, परत मिसळलं, परत चार भाग केले. असं करत तीन किलो उरवला आणि त्याच्या एकेक किलोच्या तीन पिशव्या केल्या. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते म्हणून आत जाड कागद आणि बाहेर कापड. तिन्हींवर तारीख, गोणीवरचा लॉट क्रमांक, सगळ्यांच्या सह्या, आणि शिवणीवर लाख. एक प्रयोगशाळेला, एक विक्रेत्याला, एक आमच्याकडे. गोण्यांची रिकामी पोती, त्यावरची चिठ्ठी आणि शिवणीचा दोरासुद्धा फेकू नका. सगळ्याचे फोटो काढा, लॉट क्रमांक वाचता येईल असे.

११ मेला नमुना पाठवला. अर्जात जनावरांची जात, संख्या, किती आजारी, लक्षणं, खाद्याचं नाव आणि हवी ती चाचणी, असे रकाने होते. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, बुरशीच्या विषाची तपासणी. १९ मेला अहवाल आला: अफ्लाटॉक्सिन मर्यादेत. बस, एवढंच. फोन केला तर सांगितलं, तुम्ही बुरशीचं विष लिहिलं, आम्ही नेहमीची चाचणी केली, अर्गट वेगळं मागावं लागतं आणि ते आमच्याकडे होत नाही. आठ दिवस आणि एक शुल्क गेलं. त्यात विक्रेत्याच्या हातात अहवाल असता तर त्यानं तोच नाचवला असता.

दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवण्याआधी मी तीन ठिकाणी फोन करून नेमकं विचारलं, आणि हे तुम्हीही विचारा. धान्य अख्खं असेल तर गाठी वेचून, वजन करून टक्केवारी काढता येते. युरोपीय संघाच्या पशुखाद्याच्या नियमात न दळलेल्या धान्यासाठी रायच्या अर्गटची मर्यादा अशीच वजनावर आहे, किलोमागे १००० मिलिग्रॅम, म्हणजे ०.१ टक्का. दळलेल्या मालात मोजायला गाठच उरत नाही, तिथे रासायनिक तपासणीच करावी लागते. आणि अर्गटच्या नेहमीच्या यादीत राय-गव्हातली अल्कलॉइड असतात, अर्गोटामीन, अर्गोक्रिस्टीन वगैरे. ज्वारीतलं डायहायड्रोअर्गोसीन त्या यादीत नसलं तर अहवाल पुन्हा निर्दोष येणार. म्हणून अर्जात नाव लिहूनच मागायचं. शुल्क पहिल्याच्या तिप्पट होतं. २० मेला आमच्याकडची तिसरी पिशवी तिथे पाठवली, सोबत मॅडमचं पत्र: लक्षणं कधी सुरू झाली, कोणत्या चाचण्या निर्दोष आल्या, भरडा कधी बंद केला, त्यानंतर काय बदललं. या पत्राचा पुढे अहवालाइतकाच उपयोग झाला.

मधल्या काळात गोठा हळूहळू सावरत होता. १० मेला दूध ६६ लिटरवर आलं होतं, तो तळ. पुढचे तीन दिवस तसेच गेले आणि माझा धीर सुटत चालला होता. खाणं थांबवल्यावर दुसऱ्या दिवशी दूध वाढेल अशी आशा धरू नका. आधी ताप उतरला, १४ मेला सगळ्यात आजारी गाय १०३ वर आली. १८ मेला सगळ्यांचे ताप नेहमीसारखे. त्या दुपारी गोठ्यात शिरले तर गाई बसून रवंथ करत होत्या, फक्त पंख्याचा आवाज. मी तिथेच वैरणीच्या भाऱ्यावर बसून राहिले. दूध १६ मेला ७१, २५ मेला ८६.

विक्रेत्याकडे पहिल्यांदा १२ मेला गेलो होतो. तो म्हणाला ऊन आहे, सगळ्यांचीच जनावरं तापली आहेत. बाकी कुणाची तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार दिली, लाख लावलेली पिशवी दिली, आणि प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घेतली. ती पोच द्यायला तो तासभर टाळत होता, आम्ही बसून राहिलो. तोंडी तक्रारीला अर्थ नसतो. शेवटी ८ जूनला, म्हणजे १९ दिवसांनी, अहवाल आला. भरड्यात डायहायड्रोअर्गोसीन सापडलं होतं, किलोमागे ६ मिलिग्रॅमच्या थोडं वर. मी तो कागद घेऊन आधी मॅडमकडे गेले, मग विक्रेत्याकडे.

वीसही गोण्यांचे पैसे परत मिळाले, १७ जूनला. दुधाच्या नुकसानीचं, डॉक्टरांचं, तपासणीचं काही नाही. औषधं, भेटी आणि दोन तपासण्या मिळून आमच्या एका चांगल्या महिन्याच्या दुधाच्या पैशातला जवळपास पाचवा हिस्सा गेला आणि न निघालेलं दूध त्याच्या कितीतरी पट. विम्यात फक्त जनावर दगावलं तर भरपाई होती. ग्राहक म्हणून पुढे दाद मागता येते, आमची सगळी कागदपत्रं तयार आहेत, पण ते करायचं का हे अजून ठरलेलं नाही. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. परत घेतलेल्या गोण्या चांगल्या मालात मिसळून विकणार नाही, हे त्यानं लिहून द्यावं. थोडं थोडं मिसळलं की चालतं, असं या धंद्यात सर्रास म्हणतात. कुणाच्या तरी गोठ्यात व्यायला टेकलेली गाय असते. त्यानं लिहून दिलं.

जून संपताना दूध १०८ लिटर होतं. या वेतात ते १२४ वर परत जाईल असं वाटत नाही, उतरलेलं दूध पूर्ण चढत नाही. मैना महिन्याभरात तीन लिटरवर आली, आता सात देते. आधीच्या वेतात ती चौदा द्यायची. तिला ठेवणार का, असं दोघांनी विचारलं. ठेवणार आहोत.

भरडा आता तयार आणत नाही. अख्खी ज्वारी किंवा बाजरी आली की उतरवून घ्यायच्या आधी प्रत्येक गोणीतून मूठ काढून मिठाच्या पाण्यात टाकते, गाडीवाला थांबतो. नवं धान्य पहिले चार दिवस दोनच गाईंना, आणि व्यायला महिना राहिलेल्या गाईला त्या काळात जुनंच. प्रत्येक मालातला किलोभर फडताळात, तारीख लिहून, तो माल संपल्यावर आणखी दोन महिने. काल आलेल्या ज्वारीत वर फक्त पोचट दाणे तरंगले. मैनेची कालवड आता वैरण चघळायला शिकली आहे, बाटली बघितली की मात्र अजून धावत येते.